नवजात बाळाचे झटके, ईईजी आणि औषधं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नवजात विभागात बाळांना ईईजी, म्हणजे डोक्यावर वायरी लावून मेंदूतली वीज मोजायची तपासणी, लावायचं काम करते. एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी आईवडील, आजीआजोबा जे जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतलेत. तुमच्या बाळाबद्दलचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेणार, पण ते काय बोलतायत हे कळलं तर त्यांना नेमकं विचारता येतं, म्हणून हे सगळं लिहून काढलंय.

बाळाला झटका आला म्हणतात, पण अंग तर कुठे उडताना दिसलं नाही. मग झटका कसा?

मोठ्या माणसाची फिट आपण कुठेतरी पाहिलेली असते, अंग ताठ होतं, मग हातपाय झाडले जातात, तोंडाला फेस येतो. नवजात बाळात असा सगळ्या अंगाचा झटका दिसत नाही, कारण मेंदूच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या नसांवर अजून पूर्ण आवरण चढलेलं नसतं, त्यामुळे झटका एका जागी अडकून राहतो नाहीतर इकडून तिकडे सरकत जातो. मग दिसतं काय, तर एकच हात ठरलेल्या लयीत उडतो, किंवा नजर एका बाजूला ओढली जाते आणि तिथेच खिळते, किंवा अंगाची एक बाजू ताठ होते, किंवा बाळ मध्येच श्वास सोडून देतं आणि निळसर पडतं. चोखल्यासारखं तोंड हलवणं आणि सायकल मारल्यासारखे पाय हलवणं हे पण झटक्यात दिसू शकतं, पण झटका नसतानाही दिसतं, घोळ तिथेच होतो. आणि पुष्कळ वेळा बाहेरून काहीच दिसत नाही, बाळ शांत पडलेलं आणि आत मेंदूत झटका चालू.

हात थरथरतात, झोपेत दचकतं, हे झटकेच ना?

बहुतेक वेळा नाही. थरथरणारा हात आपल्या हातात हळूच धरून ठेवा किंवा कोपरात दुमडा, थांबला तर ती साधी थरथर. झटका असेल तर धरलेल्या हातातही तो ठोका जाणवत राहतो. थरथर आवाजाने, स्पर्शाने वाढते आणि त्यावेळी नजर नॉर्मल असते, झटक्याला आवाजाशी काही देणंघेणं नसतं. काही बाळं फक्त झोपेतच हातपाय उडवतात आणि जागं केलं की लगेच थांबतात, त्याला औषध लागत नाही, काही महिन्यांत आपोआप जातं. तरीपण थरथरणाऱ्या बाळाची शुगर आणि कॅल्शियम बघायलाच हवं, ते कमी असलं तरी बाळ थरथरतं.

झटके येतात कशाने?

मोठ्यांमध्ये कारण सापडत नाही असं बऱ्याचदा होतं, बाळांत उलटं आहे, बहुतेक वेळा काहीतरी कारण मिळतं. पूर्ण दिवसांच्या बाळात सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन आणि रक्त कमी पडणं, ज्याला डॉक्टर एचआयई म्हणतात. हे झटके बहुधा पहिल्या २४ तासांत सुरू होतात आणि तीनचार दिवसांत ओसरतात. त्याखालोखाल मेंदूचा स्ट्रोक (हो, बाळालाही होतो, आणि अशी बाळं जन्मतः चांगली रडलेली, दूध पिणारी असतात आणि मग अचानक एक हात उडायला लागतो), मेंदूतला रक्तस्राव, मेंदूज्वरासारखं इन्फेक्शन. शुगर, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांच्या गडबडी वेगळ्या. थोड्या बाळांमध्ये मेंदूची घडण वेगळी असते किंवा केसीएनक्यूटू सारख्या जीनमधला बदल असतो.

म्हणूनच पहिलं काम म्हणजे टाचेला टोचून शुगर बघणं. शुगर कमी असेल तर ग्लुकोज हेच औषध, तिथे झटक्याचं औषध कितीही दिलं तरी मूळ दुखणं तसंच राहतं.

माझ्यामुळे झालं का? प्रेग्नन्सीत मी काही चुकले का?

हा प्रश्न आया अगदी हळू आवाजात विचारतात आणि नवरा किंवा सासू बाहेर गेली की मगच. स्ट्रोक असो, जीन असो, जन्माच्या वेळचा ऑक्सिजनचा प्रश्न असो, यातलं काहीही तुम्ही दगदग केली किंवा रडलात म्हणून होत नाही. घरात आधी कोणाला पहिल्या काही दिवसांत झटके येऊन गेले असतील तर मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. अपराध म्हणून नाही, औषध त्यावरून बदलू शकतं म्हणून.

डॉक्टर, सिस्टर चोवीस तास समोर असतात, त्यांना दिसतंच की. मग मशीन कशाला?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे पण तेवढं वाचाच, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

२००८ साली एक अभ्यास आला होता, त्यात बाळांना सतत ईईजी आणि व्हिडिओ लावून ठेवला आणि स्टाफला काय दिसतं ते वेगळं लिहून घेतलं. ईईजीवर ५२६ झटके सापडले. त्यातल्या फक्त १७९ मध्ये, म्हणजे साधारण एक तृतीयांशात, बाहेरून काही दिसत होतं. आणि स्टाफने प्रत्यक्षात ओळखले ते ९ टक्केच. आता दुसरी बाजू ऐका, स्टाफने झटका म्हणून जे १७७ प्रसंग लिहिले होते त्यातले ईईजीवर खरे निघाले फक्त ४८. म्हणजे खरे झटके निसटतायत आणि जे झटके नाहीत त्यांना औषध मिळायची वेळ येतेय, दोन्ही एकाच वॉर्डात. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही, अनुभवी माणसाची नजरसुद्धा इथे पुरत नाही एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून २०२१ मध्ये इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने नवजात झटक्यांचं नवीन वर्गीकरण केलं तेव्हा ईईजी हाच निदानाचा पाया धरला, आणि फक्त ईईजीवर दिसणारा, बाहेरून काहीच न दिसणारा झटका हाही झटकाच मानला. माझंही इतक्या वर्षांचं मत हेच आहे, औषध सुरू करताना, वाढवताना आणि बंद करताना शक्य तिथे मेंदूला विचारावं, नुसत्या डोळ्यांवर जाऊ नये. अर्थात जिथे ईईजी नाही तिथे डॉक्टर हातावर हात धरून बसणार नाहीत, एका बाजूचे लयीत येणारे ठोके आणि अंग ताठ होणारे काही प्रकार बघून बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, तिथे उपचार थांबवू नये.

ईईजी लावताना बाळाला दुखतं का? शॉक देतात का?

शॉक अजिबात नाही. मशीन बाळाच्या अंगात काहीच सोडत नाही, मेंदूतून निघणारी वीज फक्त मोजतं, आणि तीही इतकी बारीक की मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग.

मी काय करते ते सांगते. आधी हात गरम करते, कारण गार हाताने बाळ जागं होतं. टेपने डोकं मोजते, मेणाच्या पेन्सिलीने बारीक खुणा करते. मग प्रत्येक खुणेवरची जागा दाणेदार जेलने हळू पुसायची, तिथला चिकट थर निघाला नाही तर सिग्नल येत नाही, आणि जास्त घासलं तर कोवळी कातडी सोलवटते, त्यामुळे हा सगळा अंदाज बोटाचा. टाळूवर अजिबात दाब द्यायचा नाही. त्यावर पेस्ट भरलेली मसुराच्या डाळीपेक्षा जराशी मोठी वाटी बसवायची, अशा नऊदहा तरी, आणि वरून मऊ टोपी किंवा बँडेज. छातीवर ईसीजीची आणि श्वासाची वायर. घाईत अर्धा तास, सावकाश केलं तर पाऊण तास. बाळ नुकतं दूध पिऊन झोपलेलं असेल तर बऱ्याचदा उठतही नाही.

वायरी लावलेल्या असताना बाळाला हात लावायचा का?

लावा, बोला, डॉक्टर हो म्हणाले तर कुशीत पण घ्या. फक्त एक करा, थोपटत असाल तर सांगा. एकदा एका बाळाचा ट्रेस (स्क्रीनवर उमटणाऱ्या ईईजीच्या रेघा) बघताना मागच्या बाजूच्या वायरींवर इतक्या सुंदर, एकसारख्या लाटा आल्या की मी उठून धावतच गेले, तर बाबा बाळाला ढुंगणावर थोपटत उभे. थोपटणं, उचकी, चोखणं, व्हेंटिलेटरची थरथर, सगळं ईईजीवर झटक्यासारखं दिसू शकतं. म्हणून व्हिडिओ सोबत लागतो, आणि बटण दाबून तिथे "थोपटतायत" असं लिहून ठेवता येतं. तुम्हाला काही वेगळं दिसलं तर तेही सांगा, लगेच सांगा, नोंद झाली की डॉक्टर नेमका तोच क्षण उघडून बघतात.

एईईजी आणि ईईजी एकच का?

नाही. एईईजीत दोनचारच जागी वायर असते आणि तासन्‌तासाचा सिग्नल दाबून, आवळून एका पट्टीवर दाखवतात, साधारण एक तास सहा सेंटिमीटरमध्ये. बेडजवळच्या सिस्टर, डॉक्टरांना मेंदूचा एकूण कल चटकन दिसतो, खालची कड ५ मायक्रोव्होल्टच्या वर आणि वरची १० च्या वर असेल तर पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ते चांगलं. झटका आला की पट्टी कमानीसारखी वर उचलली जाते. पण छोटे झटके, वायरींपासून लांबचे झटके आणि अर्ध्या मिनिटात संपणारे झटके यात निसटतात. पूर्ण ईईजी जास्त नेमका, पण तो वाचणारा माणूस रात्री तीन वाजता प्रत्येक ठिकाणी नसतो, ही खरी अडचण. त्यामुळे एईईजी लावलंय म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं चाललंय असं समजू नका, काहीच न लावण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

किती वेळ लावून ठेवणार?

धोका जास्त असलेल्या बाळाला किमान २४ तास, आणि झटके सापडले तर शेवटच्या झटक्यानंतर पुढचे २४ तास स्वच्छ जाईपर्यंत. एचआयईमुळे ज्या बाळाला थंड ठेवतात, म्हणजे जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करून ३३ ते ३४ डिग्रीवर ७२ तास, त्याला बहुधा तेवढा सगळा वेळ आणि परत गरम करतानाही, कारण गरम करताना झटके पुन्हा डोकं वर काढू शकतात. एक तासाचा ईईजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नसतं, झटके येतात आणि जातात.

पहिलं औषध फिनोबार्बिटोनच का? ते तर फार जुनं आहे म्हणे.

जुनं आहे, शंभर वर्षांच्या वरचं. आणि तरीही २०२३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार पहिलं औषध तेच, झटक्यांचं कारण कोणतंही असो. अपवाद एक, घरातल्या इतिहासावरून किंवा बाकी लक्षणांवरून जीनमुळे होणारा चॅनेलचा (पेशीत सोडियम-पोटॅशियम आतबाहेर जाण्याच्या वाटांचा) आजार वाटत असेल तर तिथे फेनिटोइन किंवा कार्बामाझेपाइन जास्त लागू पडतं.

नवीन औषध का नाही, याचं उत्तर २०२० च्या एका ट्रायलमध्ये आहे. काही बाळांना फिनोबार्बिटोन दिलं, काहींना लेव्हेटिरासिटाम, आणि सतत ईईजीवर मोजलं. २४ तास झटके बंद राहिले ते फिनोबार्बिटोनवाल्या ८० टक्के बाळांत आणि लेव्हेटिरासिटामवाल्या २८ टक्के बाळांत. लेव्हेटिरासिटाम अंगाला सोसतं चांगलं, गुंगी आणि श्वासाचा त्रास कमी, म्हणून ते खूप वापरलं जातं, पण पहिल्या घावाला ते कमी पडतं हे मोजून दिसलंय.

डोस वजनावर असतो, पहिल्यांदा किलोमागे २० मिलिग्रॅम नसेतून सावकाश, नाही थांबलं तर आणखी १० ते २०. एवढ्याशा बाळाला केवढं औषध असं वाटतं, पण हे पहिलं भरणं असतं, रोजचा डोस बराच कमी, किलोमागे ५ च्या आसपास.

औषध दिल्यापासून बाळ नुसतं झोपूनच आहे, डोळे पण उघडत नाही.

अपेक्षित आहे, तरी लक्ष ठेवायची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात बाळाचं लिव्हर हे औषध फार हळू बाहेर काढतं, निम्मं उतरायला चार दिवस किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. त्यामुळे बाळ सुस्त, चोखत नाही, कधी श्वास मंद होतो, बीपी उतरतं, म्हणून मॉनिटर आणि गरज पडली तर श्वासाला आधार. ईईजीची पट्टीही औषधाने थोडी दबते, त्यामुळे डोस कधी दिला ते ट्रेसवर लिहावंच लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मेंदूच मंद झाला. दूध नळीने दिलं तरी मनाला लावून घेऊ नका, गुंगी उतरली की बाळ परत ओढायला लागतं.

औषधाने झटके थांबले, मग अजून का देतायत?

एका बाळाचा उजवा हात उडत होता. औषध गेलं, वीसेक मिनिटांत हात थांबला, मूठ सैल झाली, आईने बोट दिलं तर बाळाने धरलं सुद्धा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि माझ्या स्क्रीनवर डाव्या बाजूच्या वायरींत तीच टोकदार लय, तीच, एकदा मोठी होत जाणारी मग विरळ होणारी, दर काही मिनिटांनी चालूच होती. आईला हे सांगणं फार कठीण गेलं.

असं का होतं, तर फिनोबार्बिटोनसारखी औषधं गाबा नावाच्या रसायनाचं काम वाढवतात. मोठ्या मेंदूत गाबा म्हणजे ब्रेक. नवजात पेशींच्या आत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे तिथे तोच ब्रेक कधी नीट लागत नाही, कधी उलटा ढकलतो. खालच्या भागांत, जिथून हातापायांना हुकूम जातो, तिथे पेशी लवकर पिकतात म्हणून हालचाल थांबते, पण वरच्या थरात झटका चालूच राहतो. हे टाळायला क्लोराइड कमी करणारं ब्युमेटॅनाइड वापरून बघितलं होतं, पण युरोपातली ती ट्रायल मध्येच थांबवावी लागली, फायदा दिसला नाही आणि काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम झाला.

पहिल्याने नाही थांबलं तर?

मग फेनिटोइन, लेव्हेटिरासिटाम, मिडाझोलाम किंवा लिडोकेन यातलं एक, बाळ बघून. हृदयाचा आजार असेल तर लेव्हेटिरासिटाम बरं. फेनिटोइन आणि लिडोकेन एकापाठोपाठ देत नाहीत, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. फेनिटोइन देताना सुई नसेतून सरकली तर कातडी जळते, म्हणून सिस्टर हात सारखा चाचपून बघते. दोन औषधांनीही झटके हटत नसतील आणि कारण सापडत नसेल तर व्हिटॅमिन बी६ देऊन बघतात. ज्या थोड्या बाळांचा आजारच त्याच्यावर अवलंबून आहे त्यांच्यात बाकी सगळी औषधं फुकट जातात आणि हे एक लागू पडतं. ते देताना मॉनिटर लागतोच, पहिल्या डोसला श्वास थांबू शकतो.

कॉम्प्युटरच झटका ओळखत नाही का आता?

मदत करतो. २०२० मध्ये छापून आलेल्या युरोपातल्या एका ट्रायलमध्ये प्रोग्रामची मदत असताना झटके असलेले ६६ टक्के तास बरोबर ओळखले गेले, मदत नसताना ४५ टक्के. पण थोपटण्यालाही तो कधी झटका म्हणतो, शेवटचा शब्द माणसाचाच.

घरी जाताना औषध चालू ठेवायचं की बंद? बंद करायला फार भीती वाटते.

वाटणारच. ज्या बाळाला निळं पडताना पाहिलं त्याचं औषध बंद करा म्हटलं की पोटात गोळा येतो. पण नीट विचार करा, शुगर, एचआयई, स्ट्रोक यांमुळे आलेले झटके हे त्या दुखापतीच्या पहिल्या दिवसांचे असतात, जखम ताजी असताना येणाऱ्या तापासारखे. ते गेले की औषधाचं काम संपतं. २०२१ मध्ये अशा ३०३ बाळांचा अभ्यास आला, काहींचं औषध डिस्चार्जच्या आधी बंद केलं, काहींचं घरीही चालू ठेवलं. दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या वाढीत फरक नव्हता आणि मिरगी होण्यातही नव्हता. म्हणजे घरी औषध चालू ठेवल्याने पुढची मिरगी टळत नाही. २०२३ ची गाइडलाइनही तेच म्हणते, असे तात्पुरत्या कारणाचे झटके थांबले असतील तर घरी जायच्या आधी बंद करा, एमआरआय किंवा ईईजीत दोष दिसत असला तरी. उलट फिनोबार्बिटोन लांबवलं तर वाढत्या मेंदूसाठी ते बरं नाही अशी शंका प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून आहेच.

माझ्याकडे दुसरीकडून एक बाळ आलं होतं, आठ महिन्यांचं. पहिल्या आठवड्यात झटके, नंतर एकही नाही, आणि फिनोबार्बिटोन तेव्हापासून चालूच. कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं, डिस्चार्जच्या कागदावर औषध लिहिलं होतं आणि ते कधी थांबवायचं ते लिहायचं राहून गेलं होतं, बस. आई बिचारी रोज न चुकता देत होती. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी एकच विचारा, "हे औषध कधीपर्यंत?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. जीनमुळे किंवा मेंदूच्या घडणीमुळे खरीखुरी मिरगी असेल तर मात्र औषध चालू राहतं, तिथे मनाने एक डोसही बंद करू नका.

पुढे मिरगी होईल का? डोक्याने कमी राहील का?

वरच्याच ३०३ बाळांत दोन वर्षांपर्यंत मिरगी झाली ती १३ टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांना झाली नाही. वाढीचं सांगायचं तर ते झटक्यांपेक्षा कारणावर जास्त ठरतं, कॅल्शियम कमी होऊन आलेले झटके आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना मोठी इजा होऊन आलेले झटके, यांची बरोबरीच नाही. झटके नसतानाचा ईईजीचा मूळ ट्रेस किती लवकर सुधारतो, झोप-जागेपणाचं चक्र कधी दिसायला लागतं, एमआरआयत काय आहे, यावरून डॉक्टर अंदाज देतात. फॉलोअप चुकवू नका, हात एकाच बाजूचा वापरतंय, मान उशिरा धरतंय, हे लवकर दिसलं तर थेरपी लवकर सुरू होते.

घरी परत काही झालं तर?

कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, दुसऱ्या कोणाला व्हिडिओ काढायला सांगा. व्हिडिओत चेहरा, डोळे आणि चारही हातपाय यायला हवेत, अंगावरचं पांघरूण काढून, उजेडात. निळं पडलं, श्वास थांबला, किंवा झटका थांबतच नसेल तर व्हिडिओ सोडा आणि निघा. छोटासा वाटला तरी त्याच दिवशी दाखवायचंच.

वायरी काढल्यावर डोक्यावर लाल ठिपके आणि केसांत पांढरं काहीतरी राहिलंय.

पांढरं म्हणजे पेस्ट. कोमट पाण्यात मऊ कापड भिजवून त्यावर मिनिटभर ठेवा, विरघळते, नखाने खरवडू नका. ठिपके एकदोन दिवसांत जातात. पाणी यायला लागलं किंवा ठिपका सुजला तर सिस्टरला दाखवा.